सहा वाजेपर्यंत

भाऊबीजेच्या संध्याकाळी पावणेसहाला प्रभाने तो फॉर्म आणून फोनशेजारी ठेवला. वर पेन ठेवलं. बेपत्ता मुलाला मृत मानायला आई-वडिलांची हरकत नाही, असं त्यावर छापलं होतं. अविनाशची सही दसऱ्यालाच झाली होती. प्रभाची जागा कोरी होती.

लेफ्टनंट मानस फेब्रुवारीत गस्तीवर असताना हिमकड्याखाली गेला. सात जण गेले, सहा सापडले.

अविनाश दिल्लीच्या एका कॉलेजात विज्ञानाचं तत्त्वज्ञान शिकवायचा. जे विधान खोटं ठरूच शकत नाही ते विज्ञान नव्हे, हे फळ्यावर लिहिण्यात त्याने तीस वर्षं खडू झिजवले. मग तीच हुशारी बायकोवर चालवली. मानसचा हातमोजा सापडला, तर ती म्हणाली, दुसऱ्या कुणाचा असेल. पत्र नाही, तर म्हणाली, स्मृती गेली असेल. शेवटी तो ओरडला होता, "अगं, काय झालं म्हणजे तू मानशील की तो नाही? एक तरी गोष्ट सांग!"

रडत्या बाईला असं विचारायला फार मोठं शिक्षण लागतं.

तिने सांगितली. भाऊबीजेला मानस असेल तिथून बहिणीला फोन करायचा. करोल बागेतून आणलेला लाल फोन इशिता पाटावर ठेवायची आणि त्यालाच ओवाळायची. पलीकडून तो ओरडायचा, "टिळा नीट लाव गं, नाकात गेला!" या भाऊबीजेला सहापर्यंत फोन आला नाही तर सही करीन, असं प्रभाने कबूल केलं होतं.

आजही फोन पाटावर होता. इशिता ताम्हण घेऊन समोर बसली होती. खाली फरीदाबादच्या नव्या सेक्टरात कुणीतरी उरलेले फटाके उडवत होतं. तिघंही फोनकडे बघत होते. तो वाजला नाही.

सहाचे ठोके पडले. प्रभाने पेन उचललं.

"थांब," अविनाश म्हणाला. त्याने घाईघाईने रिसिव्हर कानाला लावला. "डेड आहे. लाइनच नाही. मग ही टेस्ट धरायची नाही. बिल्कुल नाही."

"सकाळी तर चालू होता, बाबा," इशिता म्हणाली. "मी मैत्रिणीशी बोलले ना."

प्रभा उठली. वायर हातात धरून ती कपाटापर्यंत गेली, वाकली. प्लग भिंतीत नव्हता. नीट काढून, रबरबँड लावून, कपाटामागे सरकवलेला होता. अविनाशची सवयच तशी. घरातली प्रत्येक वायर तो रबरबँड लावून ठेवायचा.

"तुम्ही काढलीत."

"पुढच्या वर्षी बघू ना, प्रभा. काय घाई आहे?"

"तुम्हीच टेस्ट मागितलीत."

"चुकलो."

प्रभाने प्लग मुठीत धरला. मग अगदी हळू बोलली, एरवी भाजीचा भाव विचारते तशा आवाजात.

"त्याचा फोन येईल असं तुम्हाला जरा तरी वाटत असतं, तर ही वायर काढायला तुमचा हात धजला असता का हो?"

अविनाशने रिसिव्हर जागेवर ठेवला.

"दसऱ्याला सही केलीत तेव्हा वाटलं होतं, नुसती डोक्याने केली," ती म्हणाली. "आतून तुम्हीही वाट बघताय, असं वाटायचं मला. तेवढ्यावरच तर चाललं होतं माझं."

तिने प्लग परत लावला नाही. पाटाशी येऊन सही केली. पूर्ण नाव लिहिलं, तारीख घातली.

"इशिता, ताम्हण बाल्कनीत ने. चंद्राला ओवाळ."

इशिताने आधी आईकडे पाहिलं, मग बाबांकडे. ती उठली. समोरच्या अर्धवट बांधलेल्या इमारतींवर, पाण्याच्या टाक्यांच्या मधे, बीजेची बारीक कोर होती.

तिने कुंकवात बोट बुडवलं.

"आई," तिने बाहेरून विचारलं, "याला टिळा कुठे लावू?"