गीझरची कांडी

लॉर्नानं गाडीच्या बाजूचं झाकण उघडलं आणि गीझरच्या नटाला पाना लावला, तशा आजूबाजूच्या गाड्यांतून घडीच्या खुर्च्या बाहेर निघाल्या. ॲरिझोनाच्या या माळावर हिवाळा काढणारी सगळी निवृत्त मंडळी. फिरती गाडी हेच त्यांचं घर. कुणाच्या गाडीचं काही उघडलं, की म्हातारे कॉफीचे मग घेऊन येतात, कोंडाळं करून बसतात आणि फुकटचे सल्ले देतात. त्यातला एखादा चुकून बरोबरही निघतो.

आज मात्र कुणी तोंड उघडेना. लॉर्नाची मुलगी जनेल परवाच नेब्रास्काहून आली होती, आईबापांना कायमचं घरी न्यायला. डिसेंबरात लॉर्नाच्या नवऱ्याला, वर्लिनला, अर्धांगाचा झटका आला, तेव्हापासून त्याचा उजवा हात नीट चालत नव्हता. जनेलनं आपल्या घरातली खालची खोली तयार ठेवली होती, न्हाणीघरात धरायला कठडे बसवले होते, गाडीला गिऱ्हाईकसुद्धा बघून ठेवलं होतं. काल जेवताना ती म्हणाली, "आई, आता हो म्हण." लॉर्ना म्हणाली, "सकाळी सांगते."

आणि सकाळी उठून ती गीझर रिकामा करायला बसली. गाडी कायमची उभी करायची असली की माणसं आधी तिच्यातलं पाणी काढतात. माळावर हे कुणाला सांगावं लागत नाही.

नट हलेना. इथलं पाणी क्षारांचं, ते सगळं घट्ट धरून ठेवतं. शेजारचा ड्वेन खुर्चीतून अर्धा उठला. "सरक, लॉर्ना. तुझ्यानं नाही व्हायचं ते."

"मागच्या वर्षी स्वतःच्या नटाचे सगळे कोपरे घालवलेस तू," लॉर्ना म्हणाली. "बस खाली. कॉफी सांडेल."

ड्वेन मुकाट्यानं बसला. लॉर्नानं पान्याच्या दांड्यात एक लांब लोखंडी नळी अडकवली, गाडीला हात टेकले, नळीवर एक पाय ठेवला आणि होतं नव्हतं तेवढं वजन टाकलं. बाई सत्तरी उलटलेली, चिमणीएवढी. पण काय जोर केला! नट करकरला आणि सुटला. पांढरट पाणी भळाभळा रेतीवर आलं, आणि बघता बघता कुठूनशा मधमाश्या ओल्यावर येऊन बसल्या.

जनेलच्या जिवात जीव आला. डोळे पुसत तिनं आईच्या खांद्यावर हात ठेवला. "बरं केलंस, आई. मला वाटलं, तू ऐकणारच नाहीस."

नटाबरोबर बाहेर आलेली मॅग्नेशियमची कांडी लॉर्नानं उन्हात धरून बघितली. नवी असताना अंगठ्याएवढी जाड होती. आता नुसती तार राहिली होती आणि तिला चिकटलेले चार खवले. ती तिनं जनेलच्या हातात दिली. म्हातारे जमिनीकडे बघत बसले.

मग तिनं पायरीवर बसलेल्या नवऱ्याकडे बघितलं. "वर्लिन, आणतोस?"

वर्लिननं तिच्याकडे नीट बघितलं. मग दाराला धरून उठला आणि आत गेला. आतून खण ओढल्याचा, काहीतरी पडल्याचा आवाज आला. जनेल धावली, पण लॉर्नानं तिचं मनगट पकडलं.

"शोधू दे त्याला."

बराच वेळ गेला. लॉर्नाचा चेहरा उतरत चालला. तो रिकाम्या हातानं बाहेर आला असता, तर तिनं एक शब्द न बोलता मुलीला हो म्हटलं असतं.

वर्लिन आला. काखेत पुठ्ठ्याचं लांबट खोकं, दातांत टेफ्लॉन टेपचं रीळ.

"हे काय?" जनेलनं विचारलं.

"नवी कांडी!" ड्वेन उभाच राहिला. "विकायच्या गाडीत नवी कांडी कोण घालतं गं, पोरी?" आणि सगळ्या खुर्च्यांना एकदम कंठ फुटला.

जनेलनं तिकडे लक्ष दिलं नाही. "आई, बाबा परत पडले तर?"

"उचलीन."

"आणि तूच पडलीस तर?"

"तर हा ओरडेल. आवाजाला काही झालेलं नाही त्याच्या."

पाणी गळू नये म्हणून वर्लिन कांडीच्या आट्यांवर टेप गुंडाळत होता. उजव्या हाताची बोटं रीळ धरत नव्हती. ते दोनदा रेतीत पडलं.

"उलटी गुंडाळलीस," लॉर्ना म्हणाली.

त्यानं शिवी हासडली, सगळी टेप सोडली आणि पुन्हा सुरुवात केली. तिनं हात पुढे केला नाही. दुसरं कुणी असतं तर केव्हाच हिसकावून घेतली असती. मग डाव्या हाताच्या दोन बोटांनी, जराही जोर न लावता, त्यानं कांडी आत फिरवली. आटे सरळ बसले.

"आता तू," तो म्हणाला, आणि तिनं पाना घेतला.

जनेल ड्वेनच्या रिकाम्या खुर्चीत बसली होती. जुनी तार अजून तिच्या मुठीत होती. रडून झालं होतं.

"किती टिकते ही?" तिनं विचारलं.

"पाण्यावर आहे," वर्लिन म्हणाला. "पाणी हिला खातं, म्हणून टाकी वाचते. दर वर्षी काढायची आणि बघायची."

"आणि मग?"

लॉर्नानं नट आवळून झाकण लावलं, हात पँटला पुसले.

"उरली असेल, तर परत लावायची."