इंद्रायणीमायचं ठाणं

१९२८ च्या श्रावणात लोणावळ्याचे त्र्यंबकपंत इंद्रायणीकाठची देवळं आणि मठ पायी करायला निघाले. कामशेतच्या पुढे अंघोळीला उतरताना शेवाळावरून त्यांचा पाय घसरला आणि ते धारेला लागले. शेजारच्या खाचरात भात लावणाऱ्या महारवाड्यातल्या झुंबरबाईनं पाण्यात उडी घेतली आणि शेंडीला धरून त्यांना काठावर ओढून आणलं.

"लय पानी ग्येलं का पोटात, म्हाराज?" तिनं काळजीनं विचारलं. पंत तसेच ओलेत्यानं जवळच्या मठाकडे पळाले.

"एवढ्या पुरातून तुम्हाला काढलं तरी कोणी?" मठातल्या स्वामींनी विचारलं.

पंत अडखळले. मग डोळे मिटून म्हणाले, "साक्षात इंद्रायणीमाय आली हो, बाईच्या रूपानं!"

बातमी पंचक्रोशीत पसरली. वर्षाच्या आत पंतांनी त्या जागी छोटंसं देऊळ बांधलं, देवीला हिरवं लुगडं नेसवलं आणि स्वतः पूजेला बसले. नवी देवी पावते असं ऐकून झुंबरबाईही फुलं घेऊन आली. तिनं पायरीवर पाऊल ठेवलं, तसे पंत ताडकन उठले.



"ए, मागं हो! तिथूनच हात जोड. देवीला विटाळ होईल."