होडीचे कासरे

धरणापलीकडे लेकीचं गाव होतं, म्हणून भावसिंगनं एक जुनी शिडाची होडी घेतली. पहिल्याच दिवशी त्यानं सुकाणूचा दांडा उजवीकडे ओढला आणि होडी डावीकडे वळून काठच्या बाभळीत घुसली. तेव्हापासून त्याची बायको चंदाबाई होडीत पाय ठेवायला तयार नव्हती. “सुकाणू झिजलं हाय, दुसरं काई नाई,” म्हणत त्यानं दिग्रसहून नव्या बिजागऱ्या आणल्या, कुजलेली फळी बदलली. तरी होडी उलटीच वळली. बैल हाकून मुरलेला हात वळायचं तिकडेच ओढायचा. मग त्यानं दांडाच काढला, सुकाणूच्या माथ्यावर छोटं जू बसवून दोन्ही टोकांना कासरे बांधले. डावा ओढला, होडी डावीकडे वळली. “बस आता. बैलावानी ऐकते.” चंदाबाई पदर खोचून चढली, कासरे तिनंच हाती घेतले. “तुमी मांगं झोपा,” ती म्हणाली, “बाजारातून येतानी बैलगाडीत झोपत होते तसे.”