बाळाला धरणार कोण?

"मी नाही उभी राहणार धर्ममाता म्हणून," नणंद दबक्या आवाजात म्हणाली आणि तिने बाळ त्याच्या आईच्या हातात परत दिलं. बाप्तिस्म्याच्या कुंडात पाणी भरलेलं होतं. फादर वाट पाहत होते. "भाऊ माझाच आहे, नाही म्हणत नाही. पण खाण तशी माती. आजा प्यायचा, बाप प्याला. उद्या ह्याने काही करून ठेवलं, तर लोक धर्ममातेलाच विचारतील ना!"

ती तडक जाऊन मागच्या बाकावर बसली.

चर्चमध्ये कुजबुज सुरू झाली. बाळाच्या आईने मान वर केली नाही. काय बोलत असतील ते तिला पाठ होतं. तिचा नवरा ट्रक चालवायचा. भरदिवसा पिऊन त्याने गवंडीकाकांच्या एकुलत्या एका मुलाला चिरडलं होतं. तो तुरुंगात गेला, तेव्हा हे पोर पोटात होतं.

"आदामाचा दोष घेऊनच आपण सगळे जन्माला येतो," फादर मोठ्याने म्हणाले. "तो धुवायलाच हे पाणी आहे. धर्ममाता नसेल तर धर्मपिता चालेल. कोण येतंय पुढे?"

कुणी जागचं हललं नाही. मग एक बाक करकरला.

गवंडीकाका उठले होते.

बाळाच्या आईने त्यांच्याकडे पाहिलं. मुलाला मातीआड केल्यापासून हा माणूस तिच्या दारावरून जाताना थुंकायचा. आता तो सरळ तिच्याकडेच येत होता. पुढच्या बाकावरचे दोघे पुरुष झटकन उभे राहिले. तिने बाळ छातीशी आवळलं आणि मागे सरली. कुंडाचा गार दगड पाठीला लागला.

"दे इकडे," सिमेंटने फाटलेले हात पुढे करून ते म्हणाले.

तिने फादरकडे पाहिलं. त्यांचाही चेहरा उतरला होता. ते हो म्हणेनात, नाही म्हणेनात. ठरवायचं तिलाच होतं.

तिने बाळ दिलं. का दिलं, ते पुढे कधीच तिला धड सांगता आलं नाही.

अनोळखी हातांत जाताच बाळाने टाहो फोडला. गवंडीकाकांनी हात ढळू दिला नाही.

"सैतानाचा त्याग करता?" फादरनी विचारलं.

गवंडीकाकांनी बाळाकडे पाहिलं.

"करतो."

फादरनी बाळाच्या डोक्यावर पाणी ओतलं.

तिला हुंदका आवरेना. "काका, माफ केलंत त्यांना?"

"नाही," बाळाचं डोकं आपल्या सदऱ्याने टिपत ते म्हणाले. "रोज ठरवतो पोरी, आणि रोज हरतो. माझ्या एकट्याच्याने ते व्हायचं नाही, म्हणून तर ह्याला मागून घेतला."