बुडाला लागलेला जॅम

करपल्याचा वास आला तशी शेजारीण हातातलं काम टाकून धावली. बघते तर टेलरकाका गॅसपाशी शांत उभे. पातेल्यातला संत्र्याचा जॅम बुडाला लागत होता आणि काका नाक पुढे करून वास घेत होते. ओट्यावर धुतलेल्या बाटल्या होत्या, झाकणांवर बांधायला दुकानातली रंगीत कातरणं होती. दर वर्षी सुट्ट्या लागल्या की काकू अशाच बाटल्या भरून इमारतीत घरोघरी द्यायच्या. यंदा काकू नव्हत्या.

"अहो काका, गॅस बंद करा! लागतोय!"

"लागू दे गं. त्याशिवाय हिच्या हातची चव येत नाही."

शेजारीण बुचकळ्यात पडली. काकूंच्या जॅमला असा वास कधीच नसायचा. तिला राहवेना. काकूंनी गेल्या वर्षी दिलेल्या बाटलीत अजून दोन चमचे जॅम उरला होता. तो तिने वाटीत काढून आणला आणि कुणाचा ते न सांगता काकांपुढे धरला. काकांनी डोळे मिटून चाखला.

"बरा झालाय. पण खरं सांगू? हिची सर नाही त्याला."

शेजारणीने वाटी ओट्यावर ठेवली.

"काका, तुम्ही काकूंच्या बाटलीतला जॅम कधी खाल्लाय का हो?"

"बाटलीतला? छे! बाटल्या लोकांच्या. आम्ही दोघं मागाहून पातेलं खरवडायचो." काकांनी गॅस बंद केला. "म्हटलं, यंदा लोकांनाही तो चांगला भाग मिळू दे."