खंडेनवमीचं पेन

ब्लूटूथ बंद करून चालू केलं, टॅब रिस्टार्ट केला. पेन काही जोडलं जाईना. पुस्तकाच्या मुखपृष्ठाचं माझं पहिलंच चित्र संध्याकाळी द्यायचं होतं. दातओठ खात पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.

“सोड की आता. चित्रं काय पळून जातायत? जेवून घे,” सासूबाई म्हणाल्या. शेजारणींना त्या सांगतात, सून घरी चित्रं काढत बसते.

“हे जोडल्याशिवाय मी उठणार नाही.”

पेन टॅबच्या कडेला लावलं, तरी चार्ज होत नव्हतं. खिडकीशी नेऊन निरखलं, तर चार्जिंगच्या ठिपक्यांवर वाळलेलं हळदकुंकू! माझं डोकंच फिरलं.

“आई, हे कुणी लावलं?”

“मी. परवा खंडेनवमीला तू माहेरी होतीस. ह्यांची करवत, रंधा पूजेला मांडले, तेव्हा शेजारी तुझं पेनही ठेवलं.”

“पेन कशाला?”

“कशाला म्हणजे? तुझ्या कामाचं हत्यार ना ते?”

काम म्हणाल्या त्या.

मी टाचणीने ठिपके हलकेच खरवडले. पेन जोडलं गेलं. वरच्या टोकाचं कुंकू मात्र पुसलं नाही.