सरांनी दाखवलेली जागा

भूगर्भशास्त्राच्या सरांनी बोट दाखवलं तिथे साठ फुटांवर पाणी लागलं, तेव्हापासून गावात त्यांचा शब्द कुणी खाली पडू देत नव्हतं. ग्रामसभेत नर्सबाई गोवरच्या लसीबद्दल सांगत होत्या, सर मध्येच म्हणाले, "आमच्या वेळी कुठे होती लस?" सगळे हसले. दुसऱ्या दिवशी लसीकरणाला एकही पोर आलं नाही.

तीन महिन्यांनी गोवर आला.

आज सकाळी तुळशीराम कुदळ घेऊन सरांच्या दारात उभा राहिला. त्याची दीड वर्षाची लेक पहाटे गेली होती. आता हा शिव्या देणार म्हणून सरांनी मान खाली घातली.

"सर, लेकराला पुरायचंय," तो म्हणाला. "जमिनीतलं तुमच्याइतकं कुणाला कळत न्हाई. खणताना खडक कुठं लागणार न्हाई, तेवढं दाखवा."